चौघांपैकी तिघांचे काय झाले?

शेरलॉक होम्स मला प्रथम भेटला तो मराठीत. भालबा केळकरांनी मराठीत आणलेल्या त्याच्या कथा आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मिळत. पुढे कॉलेजात 'द साइन ऑफ फोर' ही मूळ इंग्रजी कादंबरी हाती आली आणि तिच्यात एकदम आमच्या मोहल्ल्यातली नावे दिसली. महोमेट सिंग, अब्दुल्ला खान, दोस्त अकबर. शेजारी बसलेल्या मित्राने पानावर बोट ठेवले आणि तो म्हणाला, "बघ, तुझी माणसं सापडली." तो हसला, मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब चुकता करायचा राहून गेला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आज होम्सवर नव्या कादंबऱ्यांचे पीक आले आहे. आर्थर कॉनन डॉयल १९३० साली वारला. ब्रिटनमध्ये त्याच्या लेखनावरील स्वामित्वहक्क २००० अखेर संपले, भारतात त्याही आधी. अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ रोजी खुल्या झाल्या. आता कोणीही उठावे आणि होम्सला नव्या खुनाच्या मागे धाडावे. बहुतेक लेखक तेच करतात. धुके, गॅसचे दिवे, घोडागाडी आणि बेकर स्ट्रीटचा जिना, एवढे सामान जमवले की व्हिक्टोरियन रहस्यकथा तयार! वाचक खूश, प्रकाशक खूश.

माझी तक्रार या सामानाबद्दल नाही. ज्याला वारसा हवा, त्याने कर्जही स्वीकारले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. होम्सच्या घरात एक जुने कर्ज पडून आहे.

ते काय, हे 'द साइन ऑफ फोर'मध्येच पाहू. कादंबरी १८९०ची, तिचे मूळ १८५७च्या आग्र्यात. किल्ल्याच्या एका दाराशी जोनाथन स्मॉल नावाचा गोरा पहारेकरी आहे, सोबत दोन शीख शिपाई. एका राजाचा खजिना घेऊन अहमद नावाचा माणूस व्यापाऱ्याच्या वेषात येतो. दोन शिपाई, दोस्त अकबर आणि स्मॉल असे चौघे मिळून त्याला मारतात आणि पेटी लपवतात. खून उघडकीस येतो आणि चौघे अंदमानात जातात. पुढे लंडनमध्ये जे घडते ते होम्स उलगडतो.

आता नावे पुन्हा वाचा. अब्दुल्ला खान आणि महोमेट सिंग यांना डॉयल शीख म्हणतो. आमच्या गावचे चौथीतले पोरही या नावांना हसले असते. डॉयलने ही कादंबरी लिहिली तेव्हा हिंदुस्थान पाहिला नव्हता, हे खरे. पण नाव कुणाचे, धर्म कुठला, हे एका प्रश्नात कळले असते. तो प्रश्न विचारावासा वाटला नाही, कारण उत्तराने त्याच्या वाचकाला काही फरक पडणार नव्हता. आणि हे कुणाच्या कादंबरीत? बुटावरच्या चिखलावरून माणूस कुठून आला ते सांगणाऱ्याच्या!

नावांची चूक लहान म्हणून सोडून देऊ. मोठी गोष्ट पुढे आहे. खजिना राजाचा. त्यासाठी अहमदचा जीव गेला. लंडनमध्ये मात्र सगळे त्याला मेरी मॉर्स्टनचा वारसा मानतात, कारण तिचा बाप त्या लुटीचा वाटा मागणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक होता. ही दौलत मुळात कुणाची, हे न्यायासाठी झटणारा होम्स एकदाही विचारत नाही. त्या खजिन्यावर अंदमानातल्या तिघांचा हक्क आहे, असे म्हणणारा पुस्तकात एकच माणूस निघतो. तो म्हणजे गुन्हेगार स्मॉल. साथीदारांना दिलेला शब्द तो विसरत नाही.

अंदमानात गोरे कैदी थोडे असल्याने स्मॉलला सवलती मिळाल्या, तो औषधे द्यायला शिकला, निसटलाही. बाकीचे तिघे तिथेच राहिले. त्यांचे काय झाले? पुस्तक संपते, वॉटसनचे लग्न ठरते, टोंगा हा अंदमानी माणूस थेम्सच्या तळाशी जातो. तिघांविषयी अक्षर नाही.

कुणी म्हणेल, ते खुनी होते, त्यांची कणव कशाला? मी त्यांना निर्दोष ठरवायला बसलेलो नाही. खुनी हाही माणूस असतो. त्याला आई असते, गाव असते, भीती असते. स्मॉलला डॉयलने हे सारे दिले. त्याची कैफियत एक अख्खे प्रकरणभर ऐकून घेतली. उरलेल्या तिघांना फक्त नावे दिली, तीही चुकीची.

आणि अंदमान काही कल्पनेतले बेट नव्हते. १८५८मध्ये ही वसाहत उठावातल्या कैद्यांसाठीच उभी राहिली. मौलाना फज्ले हक खैराबादी यांनी तिथे उठावाची हकिकत अरबीत लिहिली आणि १८६१मध्ये तिथेच देह ठेवला. मुहम्मद जाफर थानेसरी यांनी जवळजवळ अठरा वर्षे तिथे काढली आणि सुटून आल्यावर काळ्या पाण्याच्या आठवणी उर्दूत लिहिल्या. स्मॉलची झोपडी डॉयलने माउंट हॅरिएटच्या उतारावर होप टाउन इथे दाखवली आहे. त्याच होप टाउनच्या धक्क्यावर ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकून मारले. कादंबरीच्या हिशेबाने स्मॉल तेव्हा तिथेच असायला हवा. तरी या घटनेचा तो उल्लेखही करत नाही. म्हणजे त्या उतारावर माणसे लिहीत होती, मरत होती, मारत होती. फक्त बेकर स्ट्रीटला ते ऐकू जात नव्हते.

"अहो, ही करमणूक आहे, तिच्यात इतिहास कशाला?" हा ठरलेला आक्षेप. त्याला उत्तर नव्या लेखकांनीच दिले आहे. अँथनी हॉरोविट्झची 'द हाउस ऑफ सिल्क' (२०११) ही डॉयलच्या वारसांच्या संमतीने आलेली कादंबरी. तिच्यात होम्ससाठी धावपळ करणारा एक अनाथ पोरगा मारला जातो, आणि होम्सला स्वतःला दोषी धरावे लागते. लंडनमधल्या प्रतिष्ठितांनी लेकरांचे काय केले, हे डॉयलच्या काळात छापणे अशक्य होते. हॉरोविट्झने ते लिहिले, तरी रहस्य कुठे सैल झाले नाही. मग लंडनच्या लेकरांसाठी जे दार उघडले, ते आग्र्याच्या अहमदसाठी का उघडू नये?

निर्वासित तिबेटी लेखक जाम्यांग नोर्बू यांनी १९९९मध्ये 'द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स' लिहिली. होम्स मेला असे जग समजत होते त्या वर्षांत त्यांनी त्याला तिबेटात नेले आणि आपल्या हरवलेल्या देशाची गोष्ट त्याच्या हातून सांगून घेतली. करीम अब्दुल-जब्बार हा बास्केटबॉलचा जगविख्यात खेळाडू, कृष्णवर्णीय अमेरिकन आणि मुसलमान. त्यांनी ॲना वॉटरहाउस यांच्यासह २०१५मध्ये 'मायक्रॉफ्ट होम्स' लिहिली. तिच्यात होम्सच्या थोरल्या भावाचा जिवलग मित्र त्रिनिदादचा कृष्णवर्णीय आहे, आणि तपास गुलामगिरीच्या जखमेपर्यंत पोहोचतो. हे दोघे डॉयलवर रागावून दूर बसले नाहीत. त्याच्यावर प्रेम होते, म्हणूनच त्याच्या घरात जाऊन त्यांनी बंद खोली उघडली.

आणि इथे आपल्यालाही दोन शब्द. आपण मुस्लिम मराठी लेखक संमेलनात तक्रार करतो की चित्रपटात, मालिकेत, रहस्यकथेत खलनायकाचे नाव आधी ठरते आणि पुरावा मागून येतो. तक्रार रास्त आहे. पण रहस्यकथा म्हणजे हलके साहित्य, असे म्हणून तो प्रांत आपणच मोकळा सोडला. कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, तलाकवर, दंगलींवर लिहिले. ते हवेच होते. मात्र ज्या पुस्तकांतून शाळकरी पोराच्या मनात आपली पहिली ओळख बसते, तिथे आपण गेलो नाही.

होम्सची पद्धत आपल्या उपयोगाची आहे. पुरावा हाती येण्याआधी निष्कर्ष काढायचा नाही, हा त्याचा नियम. नाव ऐकून माणूस ओळखणाऱ्या आजच्या काळात एवढा न्यायही पुष्कळ आहे. डॉयलला तीन कैद्यांच्या बाबतीत तो पाळता आला नाही. आपल्यातल्या कुणा तरुणाने तो पाळावा. होप टाउनच्या उतारावर जाऊन त्या तिघांना आधी त्यांची खरी नावे विचारावीत. लिहायचे ते मराठीत लिहावे. वाचनालयात दोन पोरे शेजारी बसून ते पुस्तक वाचतील, आणि एकाला उगाच हसावे लागणार नाही.