कंबर, मान आणि मणक्यांची हस्तचिकित्सा



मान झटक्याने वळविल्याबरोबर होणारा ‘कटकन्’ आवाज ऐकवून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ज्या कायरोप्रॅक्टिक उपचाराची, म्हणजे मणक्यांच्या हस्तचिकित्सेची, अहोरात्र जाहिरात चालली आहे, त्याविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन तट पडलेले दिसतात. एक त्याला रामबाण इलाज समजतो, तर दुसरा निव्वळ भोंदूगिरी म्हणून त्याची संभावना करतो. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात, कारण कंबर आणि मान यांना ते एकच माप लावतात. आणि हा भेद रुग्णाच्या जिवाशी निगडित असल्यामुळे तो वाचकांपुढे मांडण्याची मुभा असावी.

अमेरिकेतील आयोवा संस्थानात, डॅव्हेनपोर्ट येथे, १८९५ साली डॅनिअल डेव्हिड पामर या चुंबकोपचारकाने हार्वी लिलार्ड नामक बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला, आणि पुढे बहुतेक व्याधींचे मूळ मणके ढळण्यात असते असा सिद्धान्त उभारला. श्रवणाची नस मणक्यांतून जात नाही, ती कवटीच्या आतच मेंदूला मिळते. तेव्हा हा सिद्धान्त शरीरशास्त्रास धरून नव्हता. तरीही पद्धत टिकली, कारण पाठ धरलेल्या माणसांना त्या हातांनी उतार पडत होता.

तो उतार खोटा नव्हे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१७ साली नव्या कंबरदुखीत औषधाआधी करावयाच्या उपायांत शेक, मालिश यांच्या बरोबरीने मणक्यांच्या हस्तचिकित्सेचाही समावेश केला. ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेने २०१६ साली व्यायामाची जोड असेल तरच तिला मान्यता दिली. मात्र लाभ माफक आहे, आणि व्यायामादी अन्य उपायांहून तो विशेष सरस ठरलेला नाही. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेत. दोन-चार दिवसांत पाठ मोकळी होई आणि यश पायाच्या पदरी पडे, कारण बहुतेक उसण काही आठवड्यांत आपसूकच उतरते हे कोणी हिशेबात धरीत नसे. आवाजाचेही तसेच आहे: सांध्यातील वंगणरूप द्रवात वायूची पोकळी निर्माण होताना तो उमटतो; ‘सरकलेला मणका जागी बसला’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

मानेची गोष्ट मात्र निराळी. मेंदूच्या मागील भागास रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूंस असलेल्या छिद्रांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्यापाशी वळण घेऊन कवटीत शिरतात. मान एकाएकी पिळली असता त्यांचे आतले अस्तर फाटून गुठळी धरू शकते आणि धडधाकट तरुणालाही पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते हे मान्य. शिवाय धमनी आधीच फाटू लागल्यामुळे मान दुखते आणि म्हणून रुग्ण उपचारकाकडे जातो, अशीही शक्यता असल्याने कार्यकारणसंबंध निर्विवाद सिद्ध झालेला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली हे सारे नमूद करूनच, मानेला झटका देण्यापूर्वी रुग्णास या संबंधाची कल्पना द्यावी, असे सुचविले. आणि आपल्याकडे केस कापून झाल्यावर कारागीर चंपी करतो, हनुवटी व डोके दोन्ही हातांत धरून मान डावी-उजवीकडे कटकन् मोडतो, आणि गिऱ्हाईक समाधानाने उठते! जो लाभ मानेच्या हलक्या व्यायामानेही साधू शकतो, त्यासाठी ही जोखीम का पत्करावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

ब्रिटनने १९९४ साली कायदा करून नोंदणीवाचून ‘कायरोप्रॅक्टर’ म्हणवून घेण्यास बंदी केली. अमेरिकेतील शेवटच्या संस्थानाने, लुईझियानाने, १९७४ साली परवान्याची पद्धत स्वीकारली. आपल्या देशात या व्यवसायासाठी कायद्याने नेमलेली स्वतंत्र परिषद नाही. परदेशी पदवीधर आणि आठवडाभराच्या वर्गाचा दाखला भिंतीवर लावणारा, यांत रुग्णाने फरक करावा कसा? सरकारने या व्यवसायाची नोंदणी सक्तीची करावी, आणि पूर्वतपासणी व लेखी संमतीवाचून मानेस झटका देण्यास मनाई करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

तोवर वाचकांना एवढीच विनंती, की पाठदुखीबरोबर लघवी तुंबली, जांघेतील संवेदना गेली, पायातील बळ ओसरले, ताप आला किंवा विनाकारण वजन घटू लागले, अथवा मान एकाएकी कधी नव्हे इतकी दुखून चक्कर आली वा बोलणे अडखळले, तर मणके मोडून घेण्यास कोणाकडेही न जाता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे