हरलेले सिकंदर

मुलांनो, 'जो जीता वही सिकंदर' ही हिंदी म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. गल्लीतली क्रिकेटची मॅच जिंकली, तरी कुणीतरी ती ओरडतंच. पण आज मी तुमची ओळख करून देणार आहे ती सिकंदर नावाच्या अशा तीन माणसांशी, जी जिंकली नाहीत. तिघंही हरली, बरं का! आणि तरीही त्यांचा देश त्यांना विसरलेला नाही. तो देश म्हणजे युरोपच्या मधोमध असलेला हंगेरी. आणि तिथं सिकंदरला म्हणतात 'शांदोर'.

आता तुम्ही म्हणाल, कुठे सिकंदर आणि कुठे शांदोर! काहीतरीच काय? थांबा, सांगतो.

मूळ नाव आहे ग्रीक भाषेतलं, अलेक्झांड्रोस. त्याचे दोन तुकडे पडतात. पहिल्याचा अर्थ राखणं, रक्षण करणं. दुसऱ्याचा अर्थ माणूस. म्हणजे अलेक्झांड्रोस हा माणसांचा राखणदार. हे नाव इराण आणि अरबस्तानात पोचलं, तेव्हा तिथल्या लोकांची जरा गंमत झाली. अरबी भाषेत पुष्कळ नामांच्या आधी 'अल' लावतात. लोकांना वाटलं, या नावाच्या सुरुवातीचा 'अल' तोच असणार. मग त्यांनी तो मूळ नावातून सोडवून टाकला. उरला इस्कंदर. तोच आपल्याकडे येता येता सिकंदर झाला.

तिकडे युरोपातही अशीच काटछाट चालू होती. इटलीत अलेस्सांद्रोचा सांद्रो झाला आणि हंगेरीत शांदोर. आपल्याकडे नुसता 'अल' गेला, त्यांनी तर 'अलेक'च्या अलेकच उडवला! आणि 'सा'चा 'शा' का झाला? अहो, हंगेरियन भाषा रोमन लिपीत लिहितात, पण त्यांच्याकडे 'एस' या अक्षराचा उच्चारच मुळी 'श' असा आहे. आपण ज्याला बुडापेस्ट म्हणतो ना, त्या त्यांच्या राजधानीला ते 'बुदापेश्त' म्हणतात. घरात लाडानं हाक मारताना शांदोरचा होतो शॉन्यी, जसा आपल्याकडे सदाशिवचा सदा होतो तसा.

आणखी एक गंमत. हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर नाही का, 'कुलकर्णी माधव', 'शिंदे सुनीता' असं लिहितात? तस्संच. फक्त तिथं ते हजेरीपटापुरतं नाही. कायमच तसं बोलतात आणि लिहितात. त्यांची आडनावंही बघा. कोवाच म्हणजे लोहार, सॉबो म्हणजे शिंपी. आणि हंगेरीत सगळ्यांत जास्त लोकांचं असलेलं आडनाव आहे 'नॉद्य'. त्याचा अर्थ मोठा, थोर.

आता लक्ष द्या हं. इतिहासातल्या थोर सिकंदराला, म्हणजे अलेक्झांडर द ग्रेटला, हंगेरियन भाषेत काय म्हणत असतील? बरोबर! 'नॉद्य शांदोर'. आणि नॉद्य आडनावाच्या घरात जन्मलेल्या, शांदोर नावाच्या कुठल्याही पोस्टमनचं, माळ्याचं, सुताराचं नावही नॉद्य शांदोरच! बाईंनी वर्गात 'नॉद्य शांदोर' म्हटलं, की हजेरी सुरू झाली की इतिहासाचा तास, हे मुलांना कसं कळत असेल कोण जाणे.

हंगेरीच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेसमोर एखाददुसरं नाव छापलेलं असतं. ज्याचं नाव त्या दिवशी येतं, त्याला लोक फुलं देतात, चॉकलेट देतात, शुभेच्छा देतात. म्हणजे वाढदिवस वेगळा आणि नावदिवस वेगळा. मज्जाच आहे की नाही? शांदोरचा नावदिवस १८ मार्चला असतो. त्यानंतर १९ला योझेफ आणि २१ला बेनेदेक. हे तिघं पोत्यात भरून ऊब घेऊन येतात, असं तिथले जुने लोक म्हणतात. कडाक्याची थंडी त्या सुमारास सरू लागते ना, म्हणून.

आता आपल्या तीन शांदोरांकडे वळू या.

पहिला, कोरोशी चोमा शांदोर. चोमा हे आडनाव, आणि 'कोरोशी' म्हणजे कोरोश गावचा. आपल्याकडे सातारकर, कोल्हापूरकर असतात ना, तसा हा 'कोरोशकर'. १७८४ साली त्याचा जन्म झाला. ते गाव आज रुमानियात आहे. घरची गरिबी होती. शाळेत कामं करून, त्या बदल्यात जेवण मिळवून तो शिकला. लहानपणापासून त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: आपण हंगेरियन लोक मूळचे कुठले? शेजारच्या कुठल्याच देशाची भाषा आपल्या भाषेसारखी कशी नाही? आपले भाऊबंद आशियात कुठेतरी असणार, असं त्याला वाटायचं. मग त्यानं ठरवलं, त्यांना शोधायला जायचं.

१८१९ साली तो निघाला. खिशात फारसे पैसे नव्हते. कधी पायी, कधी जहाजानं, कधी काफिल्याबरोबर असा त्याचा प्रवास चालला. वाटेत इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया लागलं. हे शहर खुद्द सिकंदरानं वसवलेलं! पण तिथं प्लेगची साथ होती, म्हणून याला मुक्काम न करताच पुढे जावं लागलं. मग बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर, काश्मीर असं करत १८२२ साली तो लडाखमध्ये लेहला पोचला. या सगळ्या वाटेवर तो स्वतःचं नाव काय सांगत होता, माहीत आहे? स्कंदर बेग! म्हणजे शांदोरचा पुन्हा सिकंदरच झाला की. पहिला सिकंदर इसवीसनपूर्व ३२६ मध्ये फौज घेऊन पंजाबात आला होता. हा आला तो एकटा, पाठीवर बोचकं घेऊन.

लेहच्या पुढची वाट धोक्याची होती. त्याला मागे फिरावं लागलं. त्याच वाटेवर त्याला विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा इंग्रज प्रवासी भेटला. त्यानं तिबेटी भाषेवरचं एक पुस्तक याच्या हाती दिलं आणि ती भाषा शिकण्याची कल्पनाही सुचवली. शांदोरला वाटलं, तिबेटी ग्रंथांत आपल्या पूर्वजांचा काही पत्ता लागेलही. म्हणून तो झांस्कार भागातल्या झांगला या गावी एका विद्वान लामाकडे शिकायला राहिला.

मुलांनो, परीक्षेच्या दिवसांत 'आज फार उकडतंय, अभ्यास होत नाही' असं आपण म्हणतो की नाही? मग हे ऐका. नऊ फूट लांब आणि नऊ फूट रुंद अशी एक खोली. त्यात शांदोर, लामा आणि एक नोकर. बाहेर बर्फच बर्फ, त्यामुळे तीन-चार महिने बाहेर पडायची सोय नाही. खोलीत शेकोटी नाही, अंधार पडल्यावर दिवा नाही, झोपायला जमीन. मेंढीच्या कातड्याचा झगा अंगाभोवती लपेटून हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचत बसायचा. पान उलटायला हात बाहेर काढायचा म्हणजेसुद्धा शिक्षाच!

तिथून उतरून तो कंपनी सरकारच्या मुलखात आला, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांना तो हेर वाटला. त्यांनी त्याची कसून चौकशी केली. खात्री पटल्यावर मात्र सरकारनं महिना ५० रुपये द्यायचं ठरवलं, आणि तो पुन्हा डोंगरातल्या मठांकडे अभ्यासाला निघून गेला. अशी कितीतरी वर्षं गेली. शेवटी १८३४ साली कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश आणि तिबेटी व्याकरण छापून झालं. युरोपातल्या विद्वानांना तिबेटी ग्रंथांचं दार उघडलं ते या पुस्तकांनी. पुढे तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत ग्रंथपाल झाला. पण मूळ प्रश्न काही डोक्यातून गेला नव्हता. १८४२ साली, ५८ व्या वर्षी, तो ल्हासाला जायला निघाला. तराईच्या जंगलात त्याला मलेरियानं गाठलं आणि ११ एप्रिलला दार्जिलिंगमध्ये तो वारला. त्याची समाधी तिथंच आहे.

त्याचे भाऊबंद? ते काही सापडले नाहीत. सापडणारही नव्हते! हंगेरियनचं तिबेटीशी काही नातंच नाही. तिचे जवळचे भाऊबंद म्हणजे पश्चिम सैबेरियातल्या खांती आणि मानसी या भाषा, आणि दूरची नातेवाईक फिनलंडची भाषा. म्हणजे आपला शांदोर जन्मभर चुकीच्या दिशेला चालत राहिला. आणि चालता चालता एका परक्या भाषेचा शब्दकोश जगाला देऊन गेला. झांगलाच्या ज्या जुन्या वाड्यात तो राहिला, त्याची डागडुजी अलीकडच्या काळात हंगेरीहून आलेल्या लोकांनी केली आहे.

दुसरा शांदोर कवी होता, पेतोफी शांदोर. त्याचा जन्म १ जानेवारी १८२३चा. याचं आडनाव मुळात पेत्रोविच. हे नाव स्लाव भाषेतलं, अर्थ पीटरचा मुलगा. पण याला वाटलं, मी लिहितो हंगेरियनमध्ये, मग माझं नावही हंगेरियनच हवं. हंगेरियनमध्ये 'फी' म्हणजे मुलगा. झालं! पेत्रोविचचा पेतोफी झाला. अर्थ तोच, भाषा आपली.

त्या वेळी हंगेरीवर ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं राज्य होतं. काहीही छापायचं तर आधी सरकारी परवानगी लागायची. १५ मार्च १८४८ रोजी पेश्त शहरातल्या तरुणांनी एका छापखान्याचा ताबा घेतला आणि परवानगीबिरवानगी न घेता आपल्या मागण्या छापल्या. त्यांच्याबरोबर छापली पेतोफीची एक कविता. लोकांनी ती डोक्यावर घेतली. लढाई पेटली, आणि कवीही सैन्यात गेला. सम्राटाच्या मदतीला रशियाच्या झारची प्रचंड फौज धावून आली. ३१ जुलै १८४९ रोजी शेगेश्वारच्या लढाईत पेतोफी दिसेनासा झाला. अवघा २६ वर्षांचा होता तो. पुढच्याच महिन्यात हंगेरीनं शस्त्रं खाली ठेवली. लढाई हरली. पण आज १५ मार्च हा हंगेरीचा राष्ट्रीय सण आहे. त्या दिवशी मुलं छातीवर लाल-पांढरी-हिरवी फीत लावतात आणि पेतोफीची ती कविता म्हणतात.

तिसरा शांदोर खास फुटबॉलवाल्यांसाठी. कोचिश शांदोर, जन्म १९२९, बुदापेश्त. कोचिश म्हणजे गाडीवान. हंगेरीत कोच नावाचं एक खेडं आहे. तिथले कारागीर पंधराव्या शतकात फार छान घोडागाड्या बनवायचे. त्या गाड्यांना लोक 'कोची' म्हणू लागले, आणि त्यावरूनच इंग्रजीत 'कोच' हा गाडीचा शब्द आला. पुढे इंग्लंडातले विद्यार्थी परीक्षेच्या पैलतीरी पोचवणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांनाही गंमतीनं 'कोच' म्हणायला लागले. म्हणजे तुम्ही ज्या कोचिंग क्लासला जाता, त्याचं मूळ गाव हंगेरीत आहे. आहे की नाही नवल?

तर हा गाडीवान हेडर असा मारायचा, की लोक त्याला 'सोन्याचं डोकं' म्हणायचे. १९५४च्या वर्ल्ड कपला हंगेरीचा संघ आला तो चार वर्षं एकही सामना न हरता. कोचिशनं त्या स्पर्धेत ५ सामन्यांत ११ गोल केले. पहिल्या फेरीत त्यांनी पश्चिम जर्मनीला ८-३ असं धुतलं. फायनलला पुन्हा समोर तेच जर्मन! आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले. आणि मग? मग जर्मनीनं तीन गोल केले. हंगेरी २-३ अशी हरली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५६ साली, हंगेरीत उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. कोचिश तेव्हा आपल्या क्लबबरोबर परदेशात होता. तो घरी परतला नाही. पुढे तो बार्सिलोनाकडून खेळला आणि १९७९ साली त्याच शहरात वारला. देशासाठी खेळलेल्या ६८ सामन्यांत त्याचे गोल आहेत ७५! सामन्यांपेक्षा गोल जास्त.

बघा, एकाला जे शोधायचं होतं ते मिळालं नाही. दुसऱ्याची लढाई हरली. तिसऱ्याचा कप हातातून गेला. आणि तो पहिला, थोर सिकंदर? त्यालाही सैनिकांनी 'आता पुढे नाही' म्हटल्यावर बियास नदीवरून परत फिरावंच लागलं होतं. मग ती म्हण खरी कशी मानायची? मला तर वाटतं, जिंकणं-हरणं दिवसाच्या शेवटी ठरतं, पण माणसाचं नाव होतं ते दिवसभर त्यानं काय केलं त्यावरून. नऊ फुटी खोलीत वाचत बसलेल्या शांदोरला कुठे ठाऊक होतं, की दोनशे वर्षांनी एका मराठी साप्ताहिकात तुम्ही त्याच्याबद्दल वाचाल!

आता या आठवड्याचा गृहपाठ. तुमचं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, दुसरं कुठलं नाव ठेवायचं चाललं होतं, हे घरी आजीला किंवा आत्याला विचारा. नाव ठेवायचं काम त्यांनी केलं. नाव काढायचं काम अजून बाकी आहे. ते कुणाचं, हे सांगायला हवं का?