मुळी ओळखायला पाच वर्षे

झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोक, त्याला कसले आले शिक्षण, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. चीनमध्ये मात्र असे औषध देणारा वैद्य व्हायचे तर महाविद्यालयात पाच वर्षे काढावी लागतात. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझो आणि चेंगडू येथे अशी पहिली चार महाविद्यालये निघाली. तेथे जुने ग्रंथ, नाडी व जीभ पाहणे, शेकडो वनस्पती आणि त्यांचे काढे शिकवतात. जोडीला शरीररचना व आधुनिक वैद्यकही. पुढे वर्षभर देखरेखीखाली काम आणि मग परवान्याची परीक्षा. गुरूच्या हाताखाली शिकलेल्यांना २०१७ च्या कायद्याने वाट करून दिली; पण चाचणी त्यांनाही चुकलेली नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या घरातली सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध त्या काढ्यांतही पडतात. पण बचनागाच्या जातीचे विषारी मूळही पडते. ते आधी शुद्ध करून, बराच वेळ उकळूनच द्यावे लागते. नावाचा घोळही जिवावर बेततो. बेल्जियममध्ये १९९० नंतर वजन घटवण्याच्या गोळ्यांत 'फांग-ची' नावाच्या मुळीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच मुळी गेली. शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडे बिघडली. कित्येकींची कायमची निकामी झाली.

म्हणून भगिनींनो, पुडी कोणाचीही असो, घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. यात काय आहे? आणि तुम्ही शिकलात कुठे? सांगायला जो कचरतो, त्याची पुडी घरात नको.