वजाबाकीमागे दडलेली अशुद्धता

लखनौच्या अपट्रॉन या राज्य शासनाच्या कंपनीचे दूरचित्रवाणी संच १९८० नंतरच्या दशकात उत्तर भारतातील अनेक घरांत पोहोचले. अशा संचांत वापरला जाणारा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर म्हणजे अशुद्धतांच्या जमाखर्चाचा नमुनाच होय. फॉस्फरसयुक्त चकतीत बोरॉन मुरवावयाचे आणि मग त्या बोरॉनवर मात करील इतका फॉस्फरस वरच्या थरात पुन्हा मुरवावयाचा, अशी ही रूढ रीत. फॉस्फरसचा अणू इलेक्ट्रॉन देतो, म्हणून तो दाता. बोरॉनचा अणू तो पकडतो, म्हणून ग्राही. दोघे एकत्र आले की एकाचे दान दुसरा गिळतो. उरतो तो केवळ फरक.

प्राथमिक विवेचनात मात्र मिसळलेले अणू आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांची संख्या बहुधा सारखीच धरली जाते. ही सोय विद्यार्थ्याला पुढे भोवते. समजा, एका घनसेंटिमीटरात दाते ५ एकक व ग्राही ४ एकक आहेत. एकक म्हणजे एकावर सोळा शून्ये इतके अणू. नेहमीच्या तापमानास मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे १ एकक राहतील, आणि एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामाने मोजल्यास हाच आकडा मिळेल. पण ग्राही मुळीच नसलेल्या, १ एकक दात्यांच्या तुकड्याचेही उत्तर तेच! मग दोन्ही तुकडे सारखेच शुद्ध म्हणावयाचे काय?

मुळीच नाही. पहिल्यात इलेक्ट्रॉनांची वाट अडविणारे विद्युत्भारित अणू ९ एकक आहेत, दुसऱ्यात १. म्हणून पहिल्यातील इलेक्ट्रॉनांची गतिशीलता कमी भरते. स्फटिकाच्या कंपनांचा अडथळा हिशेबातून वगळला की गतिशीलतेवरून बेरजेचा अंदाज येतो. बेरीज ९ आणि वजाबाकी १, यांवरून ५ आणि ४ काढणे हे शालेय बीजगणितच. तुकडे पुष्कळ थंड केल्यासही भेद दिसतो: ग्राही असलेल्या तुकड्यात मोकळे इलेक्ट्रॉन अधिक झपाट्याने घटतात.

उलट मार्ग फसवा आहे. दाते आणि ग्राही स्वतंत्रपणे मोजले आणि प्रत्येकात शेकडा ५ चूक राहिली, तर १ ऐवजी ०.५५ पासून १.४५ पर्यंत कोणतेही उत्तर येऊ शकते. म्हणून फरक थेट हॉलच्या रीतीने मोजावा आणि अभ्यासक्रमात ही दोन तुकड्यांची तुलना पहिल्याच धड्यात यावी.