पुढं म्हणजे नक्की कुठं?

"सर, आमच्या पोराला जरा पुढं खेळवा की." कोल्हापुरात गांधी मैदानावर फुटबॉलच्या सरावाला पालक भेटले की हे वाक्य ठरलेलं. पुढं म्हणजे कुठं, असं विचारलं की म्हणतात, गोल मारता येईल तिथं. उत्तर चूक नाही. पण आम्हा प्रशिक्षकांकडंही बऱ्याचदा याहून जास्त उत्तर नसतं. निवडीच्या दिवशी उंच पोरगं मध्ये, पळणारं बगलेला, डावखुरं डाव्या बगलेला, अशी वाटणी दहा मिनिटांत उरकते आणि शाळा सुटेपर्यंत तीच चिकटून राहते.

मी तालमीच्या फुटबॉल संघाकडून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळलो. त्यामुळं फॉरवर्ड कुठं उभा असला की घाम फुटतो, हे मला जरा जास्त ठाऊक आहे. नुसत्या पळणाऱ्याची भीती कधी वाटली नाही. दोन पावलं मागं सरकलं की त्याचं निम्मं काम थांबतं. अंगाला अंग लावून उभा राहणाराही परवडतो, निदान तो कुठं आहे हे पाठीला कळतं. छळायचा तो माझ्या आणि साइड बॅकच्या मधल्या फटीत, खांद्यामागं उभा राहणारा. बॉल बघावा तर तो दिसत नाही, त्याच्याकडं बघावं तर बॉल सुटतो. त्याला कुणी घ्यायचं यावर आम्ही दोघं एकमेकांवर ओरडतोय तोवर तो डीमध्ये शिरलेला असायचा.

म्हणून चौदा वर्षांखालच्या मुलांत फॉरवर्ड शोधताना मी बॉल सोडून पोराकडं बघतो. पास येण्याआधी मान वळते का? बॉल घेताना छाती कुठल्या गोलकडं? कुणी सांगितलेलं नसताना पाय कुठं ओढ घेतात?

सध्या माझ्याकडं एक काटकुळं, डावखुरं पोरगं आहे. शाळेच्या संघात ते डाव्या बगलेला. लाईनीजवळ बॉल मिळाला की बिचारं क्रॉस मारायचं आणि डीमध्ये आपलं कुणीच नसायचं. बॉल नसताना मात्र ते आपोआप आत सरकायचं आणि बाहेरून हाक यायची, "लाईन सोडू नको रे!" सरावात मी त्याला उजवीकडं, पण लाईनीपासून चांगलं आत उभं केलं. आता बॉल येतो तेव्हा ते अर्धं वळलेलं असतं, पहिल्याच टचला बॉल डाव्या पायावर येतो आणि समोर लांबचा खांब मोकळा. त्याच पोराला एकटं सेंटर फॉरवर्ड ठेवलं तर स्टॉपर त्याला हलू देत नाही. गोलकडं पाठ करून बॉल धरणं त्याला आज जमत नाही. अंग भरल्यावर जमेलही. उलट तेराव्या वर्षी सगळ्यांच्या आधी उंच झालेलं पोरगं ढकलाढकलीवर गोल मारतं, आणि बाकीचे वाढले की त्याच्या कच्च्या पहिल्या टचकडं सगळ्यांचं लक्ष जातं.

जागा मोठ्यांचीही बदलते. थिएरी हेन्री मोनॅकोत आणि मग युव्हेंटसमध्ये बगलेला खेळायचा. 1999 मध्ये आर्सेनलला आल्यावर प्रशिक्षक वेंगर यांनी त्याला मध्ये आणलं. सुरुवातीला गोल होईनात. पुढं त्याच क्लबसाठी त्यानं 228 गोल केले, पण त्यातल्या कितीतरी गोलांची धाव डावीकडूनच सुरू व्हायची. मध्ये येताना त्यानं बगल सोडली नव्हती, सोबत आणली होती. आपला सुनील छेत्रीही 2017-18 च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) बेंगळुरूकडून बरेचदा डावीकडून खेळला, मध्ये मिकू होता. तरी छेत्रीचे 14 गोल झाले.

इथं कुणी म्हणेल, मग पोरांना बगलेचंच शिकवा, पुढं तीच जागा मिळते. बाजार तसा आहे खरा. आयएसएलच्या पहिल्या 11 हंगामांत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळाला नाही. क्लब मधल्या जागेसाठी परदेशी खेळाडू आणतात. आमच्या तालमीही तेच करतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला होता. व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याची ओळख मुख्यतः बगलेचा खेळाडू अशी झाली. पण विशीतल्या खेळाडूनं पोटासाठी जागा बदलणं वेगळं आणि तेराव्या वर्षीच पोराला गोलपासून लांब नेऊन ठेवणं वेगळं. डीमधली घाई, गर्दीतला अर्धा टच, गोली कुठल्या पायावर झुकलाय हे बघणं, लाईनीवर उभं राहून कसं शिकायचं?

खरी गोम शालेय स्पर्धांत आहे. तालुका, जिल्हा, विभाग, सगळीकडं बाद पद्धत. एक सामना हरला की वर्ष संपलं. अशा वेळी क्रीडाशिक्षक उंच पोरगं मध्ये ठेवून लांब बॉल मारायला सांगणारच, त्याला दोष कसा द्यायचा? या वयात प्रत्येक पोराला हंगामभर सामने मिळाले, साखळी असली, तर जागा बदलून बघण्याची हिंमत कुणीही करेल. करंडक एखादा कमी आला तरी चालेल, हे संस्थाचालकांनी आधी स्वतःला सांगावं.

निवड चाचणीच्या फॉर्मवर 'पोझिशन' असा एकच रकाना असतो. मी पोरांना त्यात दोन जागा लिहायला लावतो. काही निवडकर्ते वैतागतात. वैतागू देत.