जुना लॅपटॉप, वापरलेली डिस्क आणि आपले वहीखाते

पेढीवरचा आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप सुरू होण्यास पाच-पाच मिनिटे घेऊ लागला की नवा घेण्याची चर्चा घरात सुरू होते. त्याआधी त्यात कोणती डिस्क आहे, एवढे अवश्य पाहावे. जुन्या हार्ड डिस्कमधील चकत्या मिनिटाला बहुधा ५४०० वेळा फिरतात आणि प्रत्येक लहानसहान फाइलसाठी तिला जागा शोधावी लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. त्यामुळे केवळ डिस्क बदलल्यानेही मंदावलेले यंत्र पुन्हा कामास लागते.

ही एसएसडी नवीच हवी असे नाही. पडदा फुटलेला किंवा मदरबोर्ड जळालेला एखादा लॅपटॉप अनेक घरांत कपाटात पडून असतो आणि त्यातील डिस्क पुष्कळदा उत्तम स्थितीत असते. मात्र ती आपल्या यंत्रात बसेल का, हे आधी तपासावे. अडीच इंची साटा डिस्क बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये चालते. एसएसडीची जाडी सामान्यतः ७ मिलिमीटर असते. जागा ९.५ मिलिमीटरची असेल तर भोवती प्लॅस्टिकची चौकट लावावी लागते. पट्टीसारख्या एम.२ डिस्कच्या बाबतीत अधिक सावध राहावे. साटा आणि एनव्हीएमई हे तिचे दोन्ही प्रकार दिसण्यात सारखेच असतात. परंतु एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये तर साठवणीची चिप बोर्डावरच कायमची जोडलेली असते. तेथे हा उपाय चालत नाही.

डिस्क बसवण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने तिची प्रकृती पाहावी. ती किती तास चालली, तिच्यावर किती माहिती लिहिली गेली आणि तिचे किती टक्के आयुष्य उरले, हे बहुधा तेथे दिसते. बाजारातून वापरलेली डिस्क घेताना या आकड्यांवर पूर्ण विसंबू नये, कारण ते पुसून टाकता येतात. घरच्या यंत्रातून काढलेल्या डिस्कचा इतिहास निदान आपल्याला ठाऊक असतो.

व्यापाऱ्याने खरा विचार करायचा तो येथे. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा आवाज करते किंवा अडखळते. एसएसडी मात्र काहीही सूचना न देता एकाएकी बंद पडू शकते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. इतक्या वर्षांचे खाते एका वापरलेल्या डिस्कवर सोपवणे शहाणपणाचे नाही. म्हणून नियम असा ठेवावा: वापरलेल्या डिस्कवर यंत्र चालवावे, पण खात्याची एकमेव प्रत तिच्यावर कधीही ठेवू नये. एक प्रत बाह्य डिस्कवर आणि एक दुकानाबाहेर, घरी असावी. बाह्य डिस्क प्रत घेतल्यावर लगेच लॅपटॉपपासून वेगळी करावी, म्हणजे व्हायरसने घाला घातला तरी ती सुरक्षित राहील. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून खाते प्रत्यक्ष उघडून पाहावे.

काढलेली हार्ड डिस्क लगेच भंगारवाल्याच्या हाती देऊ नये. नवी व्यवस्था दोन-तीन महिने सुरळीत चालेपर्यंत ती जपून ठेवावी. तिच्यात ग्राहकांची येणी, बँकेचे तपशील आणि घरातील कागदपत्रे असतात. फाइली नुसत्या पुसल्याने हे सारे नाहीसे होत नाही. संपूर्ण डिस्कवर नव्याने माहिती लिहून जुनी झाकावी आणि मगच ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी.

शेवटी या उपायाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. विंडोज १० चे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि अनेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असे यंत्र बँकेच्या व्यवहारांसाठी वापरू नये. बिले छापण्यास, साठ्याची नोंद ठेवण्यास किंवा मुलांच्या अभ्यासाला ते आणखी काही वर्षे उपयोगी पडेल.