गालावरची सावली आणि सकाळचा अर्धा तास

मेणासारख्या मऊ क्रीमची, बोटभर लांबीची एक कोरियन प्रसाधनकांडी आता भारतातील शहरांतही विकली जाते. गालाच्या हाडाखाली तिच्या दोन-तीन रेघा ओढावयाच्या आणि बोटाने किंवा ओलसर स्पंजाने त्या कानाच्या दिशेने त्वचेत मिसळून टाकावयाच्या. करड्या छटेचा तपकिरी रंग सावलीचा भास निर्माण करतो आणि भरलेला गाल निमुळता दिसू लागतो. रेघ थोडी खाली उतरली तर चेहरा आजाऱ्यासारखा ओढलेला दिसतो. रंग नीट मिसळला नाही तर गालाला चिखल लागल्यासारखे वाटते. यांतील अनेक कांड्या उजळ वर्ण डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या असल्यामुळे सावळ्या गालावर ती सावली राखेसारखी दिसते, किंवा मुळीच दिसत नाही. एवढी सावली साधण्यास कसब, वेळ आणि पैसा या तिन्ही गोष्टी लागतात.

कामावर जाण्यापूर्वी आरशापुढे हा प्रयोग करून पाहणारी तरुणी दिसली की चळवळीतील काही जुनेजाणते सभासद 'भांडवली चंगळ' म्हणून नाक मुरडतात. ही टीका सोपी आहे, आणि म्हणूनच अपुरी आहे.

या कांडीचे मूळ रंगभूमीवर आहे. १९व्या शतकात जर्मनीत ल्युडविग लाइश्नर या गायक-नटाने चेहरा रंगविण्याच्या तेलकट कांड्यांचा कारखाना काढला. रंगमंचावरील प्रखर प्रकाशात चेहऱ्याचे उंच-सखलपण नाहीसे होते, म्हणून नटाला गालावरची सावली रंगाने उभी करावी लागे. खेळ संपला की रंग पुसला जाई. तो रंग लावणे हा नटाच्या कामाचाच भाग आहे, हे कोणी नाकारले नाही. मग मालकाच्या नियमानुसार रोज सकाळी तोच रंग लावणाऱ्या दुकानातील विक्रेतीचे ते काम नव्हे काय?

हा प्रश्न खुद्द दक्षिण कोरियातच न्यायालयापुढे गेला. शनेल या फ्रेंच कंपनीच्या कोरियातील विक्रीकेंद्रांवर काम करणाऱ्या ३३५ कर्मचाऱ्यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला. कामाची वेळ साडेनऊची. पण कंपनीच्या नियमांप्रमाणे केस आणि चेहरा सजवून तयार होण्यासाठी नऊ वाजताच हजर राहावे लागते, तेव्हा त्या अर्ध्या तासाचे वेतन मिळावे, अशी त्यांची मागणी होती. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सोलच्या न्यायालयाने पुरेसा पुरावा नाही म्हणून दावा फेटाळला. मार्क्सने 'कॅपिटल'मधील कामाच्या दिवसावरील प्रकरणात जेवणाच्या सुट्टीतून मिनिटे चोरणाऱ्या गिरणीमालकांची हकीकत दिली आहे. दीडशे वर्षांनंतर तीच चोरी आरशापुढे चालू आहे. फरक एवढाच की येथे मजुराने आपल्या खर्चाने साहित्यही आणावयाचे असते.

दावा हरला तरी प्रश्न मिटला नाही. कोरियन भाषेत या कामाला 'नटण्याचे श्रम' अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला आहे. २०१६ साली अर्धवेळ कामगारांच्या संघटनेने चित्रपटगृहांतील प्रसाधनाच्या सक्तीविरुद्ध आवाज उठविला. २०१८ मध्ये अनेक तरुणींनी आपली प्रसाधने मोडून-फोडून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. २०१९ च्या जुलैपासून नोकरभरतीत कामाशी संबंध नसलेली रूप, उंची, वजन यांची माहिती मागण्यास कायद्याने मनाई झाली. ज्या देशाची प्रसाधनांची निर्यात २०२४ साली एक हजार कोटी डॉलरच्या वर गेली, त्याच देशात स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत सुमारे ३० टक्के, म्हणजे प्रगत भांडवली देशांत सर्वाधिक आहे. गालावर सावली ओढून वेतनातील दरी बुजत नाही, हे कोरियन कामकरी स्त्रीने स्वतःच्या अनुभवाने ओळखले आहे.

प्रसाधने फोडणाऱ्या तरुणींचे धैर्य मोलाचे आहे. परंतु जिची नोकरीच चेहऱ्यावर अवलंबून आहे, तिने एकटीने कांडी फेकली तर उद्या तिची जागा दुसरी घेईल. एकटीचा नकार मालक सहज पचवितो. संघटित मागणी त्याला पचत नाही. भारतातही याचा दाखला आहे. कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी बसण्याचा हक्क मागितला, तेव्हा खुर्चीसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी कसला लढा, म्हणून हसणारे थोडे नव्हते. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली तो हक्क कायद्यात घातला.

खुर्चीचे जे झाले, ते आरशापुढच्या अर्ध्या तासाचेही होऊ शकते. विमानसेवा, हॉटेले, मॉल, प्रसाधनांची दुकाने येथे काम करणाऱ्या तरुणींमध्ये जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून नाक मुरडण्याऐवजी त्यांना दोन प्रश्न विचारावेत: हा रंग लावण्याचा हुकूम कोणाचा, आणि त्याचे पैसे कोण देतो? जिला हौस आहे तिने खुशाल नटावे. सुटीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर नवी कांडी लावून पाहण्याचा आनंद हिरावून घेणे हे कोणत्याही कामगार चळवळीचे काम नव्हे. मात्र जेथे रंग ही नोकरीची अट आहे, तेथे त्याचा वेळ कामाच्या तासांत आणि त्याचा खर्च मालकाच्या हिशेबात धरला गेला पाहिजे. ही मागणी युनियनच्या मागणीपत्रात आली, तर आज युनियनच्या दारापासून दूर राहिलेल्या अनेक तरुणी ते दार आपले म्हणून ओळखतील.